एक टीबीची डबी



क्षमावाणी होऊन आठ-दहा दिवस झाले. दरवर्षीसारखे फोन झाले, निरोप झाले. "जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा" हे वाक्य मी त्या दिवशी साठ-सत्तर वेळा तरी म्हटलं असेन. बहुतेक ठिकाणी ते सवयीने म्हटलं गेलं, खोटं कशाला बोलू? पण एक फोन असा होता की नंबर लावताना हात थरथरला. तो फोन माझ्या पंधरा वर्षांच्या नातवाला होता. त्याची गोष्ट आज सांगते. गोष्ट कॉम्प्युटरच्या एका छोट्याशा डबीची आहे, पण शेवटपर्यंत वाचा. तुमच्याही घरात ती डबी आली असेल किंवा उद्या येईल.

नातू नागपूरला असतो. मे महिन्याच्या सुट्टीत तो ब्रह्मपुरीमार्गे आरमोरीला आला, तेव्हा त्याच्या दप्तरात लॅपटॉप आणि एक नवी वस्तू होती. दोन काडेपेट्या शेजारी ठेवाव्यात एवढी, काळी, वजनाला हलकी. मी विचारलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "पोर्टेबल एसएसडी आहे, आजी. एक टीबी. लॅपटॉप भरला ना, म्हणून बाबांनी घेऊन दिली."

लॅपटॉप कशाने भरला, हे मी ओळखलंच. गेम! आणि आजकालचे गेम म्हणजे आपल्या वेळचा सापशिडीचा पुठ्ठा नव्हे. त्याचा एक गाड्यांच्या शर्यतीचा गेम शंभर जीबीच्या वर जागा खातो. लॅपटॉपची एकूण जागा ५१२ जीबी, त्यात विंडोज, शाळेचं काम, फोटो. दोन-चार मोठे गेम टाकले की कोठार भरलं.

मी बीकॉम झालेली. हिशेब दिसला की हात शिवशिवतात. मी विचारलं, "एक टीबी म्हणजे किती?" त्याने डबी जोडून दाखवली, तर पडद्यावर ९३१ जीबी. मी लगेच म्हटलं, "उरलेले ६९ कुठे गेले? दुकानदाराने मापात मारलं!" तो हसला. मग दोघांनी बसून हिशेब केला. कंपनी टीबी मोजते ती सरळ दशमानात, म्हणजे एक लाख कोटी बाइट. विंडोज मात्र जीबी मोजताना हजाराऐवजी १,०२४ ने भागत जातो. एक लाख कोटीला तीन वेळा १,०२४ ने भागा, ९३१ येतात. माल तोच, पायली आणि किलोचा फरक. आमच्याकडे धानाच्या व्यापारात हा घोळ पूर्वी रोजचा होता, म्हणून मला पटकन पटलं.

त्याने मला आणखीही समजावलं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक चकती गरगर फिरते आणि एक सुई तिच्यावरून सरकत वाचते, लिहिते. एसएसडीत फिरणारं काही नाही, सगळा कारभार चिपांमध्ये. म्हणून ती आवाज करत नाही, हातून पडली तरी चकतीसारखी लगेच मोडत नाही, आणि वेग कितीतरी जास्त. जुनी फिरती डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी देते, चांगली एसएसडी हजारापर्यंत जाते. पण भोकसुद्धा तसं लागतं! आमच्या दुकानाच्या जुन्या कॉम्प्युटरच्या काळ्या यूएसबीत लावली तर तीही बैलगाडीच्या वेगाने चालते. गेम या डबीवर ठेवून तिथूनच खेळता येतो, सुरू व्हायला कमी वेळ लागतो. गेममधली चित्रं मात्र त्याने जास्त सुरेख दिसत नाहीत, ते काम लॅपटॉपच्या आतल्या दुसऱ्या भागाचं.

इथपर्यंत आजी-नातवाचं छान चाललं होतं. बिनसलं ते गेमवरून.

मी एकदा मागे उभी राहून पाहिलं, तर पडद्यावर बंदूक! माणसं पटापट पडताहेत. मी म्हटलं, "बंद कर." तो म्हणाला, "आजी, यात खरं कोणीच मरत नाही." मी त्याला यशोधर राजाची कथा सांगितली. तुम्हाला माहीतच आहे. आईच्या आग्रहापुढे नमून त्याने खरा कोंबडा नाही, पिठाचा कोंबडा बळी दिला. पिठाचाच तर होता! तरी मनात मारण्याचा भाव आला, आणि त्या भावाचं फळ मायलेकांना कितीतरी जन्म भोगावं लागलं. मी म्हटलं, "तुझा गेम म्हणजे पिठाचा कोंबडा." तो गप्प बसला. मग म्हणाला, "मी नेहमी हा खेळत नाही. माझा दुसरा गेम आहे, त्यात बांधायचं असतं." मी नीट ऐकलं नाही. मला वाटलं, सारवासारव करतोय.

आरमोरीचा कोसा सगळीकडे नावाजलेला, पण माझ्या कपाटात कोशाची साडी नाही. कोशातला जीव जातो म्हणून लग्नातसुद्धा नेसले नाही. अहिंसेच्या बाबतीत आपण कुठे कमी पडत नाही, असा एक छुपा अभिमान माझ्यात होता. तो लक्षात ठेवा, पुढे त्याचाच हिशेब आहे.

आता माझी बाजू. आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली. यांचा आवाज, म्हणजे यांनी म्हटलेला आलोचना पाठ, भक्तामर, दशलक्षणातली प्रवचनं, शिवाय सासूबाईंच्या आवाजातली आरती, मुलांच्या लग्नांचे व्हिडिओ, असं सगळं एका जुन्या हार्ड डिस्कवर होतं. एकंदर ३८ जीबी. श्रुतपंचमी जवळ आली होती. त्या दिवशी मी दरवर्षी ग्रंथ बाहेर काढते, झटकते, वेष्टनं बदलते, आणि संध्याकाळी यांचा पाठ लावते. म्हणून आधी लावून बघावं म्हटलं. डिस्क जोडली तर आतून टक-टक, टक-टक आवाज. फाइल उघडायला पाच मिनिटं. पोटात गोळा आला. नातवाने आवाज ऐकूनच सांगितलं, "आजी, ही जाणार. लवकर दुसरीकडे कॉपी कर." आणि तो वडशाला मित्राकडे गेला. संध्याकाळी येणार होता, आल्यावर करून देतो म्हणाला.

मला कुठला धीर! दर मिनिटाला वाटे, आता यांचा आवाज गेला. टेबलावर त्याचा लॅपटॉप होता, त्याला ती काळी डबी जोडलेली. झाकण उघडलं तर तो चालूच होता, काहीतरी काम करत होता. मी वायर उपटली. 'सेफली रिमूव्ह' वगैरे करायचं असतं हे मला माहीत होतं, पेनड्राइव्हला मी करतेसुद्धा. त्या दिवशी केलं नाही. डबी दुकानाच्या जुन्या कॉम्प्युटरला लावली. पडद्यावर प्रश्न आला: ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, हेही मला माहीत होतं, मैत्रिणींनो. मी अडाणीपणाने बटण दाबलं असतं तर आज एवढं लागलं नसतं. मी क्षणभर थांबले. मनात आलं: आत काय, गेमच तर आहेत. तोच म्हणाला होता की गेम कधीही पुन्हा डाउनलोड होतात. आणि त्याच्या मागून, अगदी बारीक आवाजात, आणखी एक विचार आला: गेले तर बरंच आहे, तेवढीच बंदूक सुटेल.

मी 'हो' दाबलं. पुन्हा एकदा सूचना आली की सगळी माहिती जाईल. पुन्हा 'हो' दाबलं. मिनिटभरात डबी कोरी झाली. मग जुन्या डिस्कवरून ३८ जीबी तिच्यात भरायला घेतले. ती डिस्क मध्येच अडे, पुन्हा चाले. दीड-दोन तास मी णमोकार म्हणत समोर बसले. तीन-चार व्हिडिओ वाचले नाहीत, बाकी सगळं आलं. यांचा आवाज आला. मी रडले, देवासमोर दिवा लावला.

संध्याकाळी नातू आला. मी कौतुकाने सांगितलं, "मीच केलं बघ!" तो डबीकडे बघत राहिला. "आजी, माझं फोल्डर?" मी म्हटलं, "गेम होते ना? परत टाक. नेटचे पैसे मी देते." तो काही बोलला नाही. लॅपटॉप उघडला, डबी जोडली, इकडे-तिकडे शोधलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. पंधरा वर्षांचं मूल रडताना कोणी ऐकू नये म्हणून नळ सोडतं, हे मला तेव्हा कळलं.

काय गेलं होतं, ते मला सुनेने फोनवर सांगितलं. त्याचा तो 'बांधायचा' गेम, माइनक्राफ्ट. त्यात सगळं ठोकळ्यांनी बांधायचं असतं. एक ठोकळा एक मीटरचा. गेम डाउनलोड होतो, पण तुम्ही आत जे बांधलं ते डाउनलोड होत नाही, ते तुमच्याच डिस्कवर एका फोल्डरमध्ये असतं. लॅपटॉपवर जागा करायची म्हणून त्याने सगळे गेम एकगठ्ठा डबीवर हलवले, त्यात ते फोल्डरही गेलं. आणि त्यात त्याने बांधलेलं होतं आमचं बाजारातलं जुनं घर.

ते घर आम्ही पाडलं, त्यालाही वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात हे चार महिने नागपूरला मुलाकडे होते. मी स्वयंपाकघरात शोधाचं अन्न करण्यात, औषधांच्या वेळा सांभाळण्यात गुंतलेली. नातू तेव्हा बारा वर्षांचा. तो यांच्या पलंगाजवळ लॅपटॉप घेऊन बसे, आणि मी दर वेळी बोलायची, "आजोबांना आराम करू दे, तो गेम ठेव." गेम कसला! हे त्याला घर सांगत होते. ओसरी किती हात, गादी कुठे, तिजोरीची खोली किती बाय किती, धानाच्या पोत्यांची थप्पी कुठल्या भिंतीला. यांना सगळं फुटात पाठ. नातू फुटाचे मीटर करे, हे त्याचं उत्तर तपासत. सुना-मुलांना हे माहीत होतं. मलाच नव्हतं, कारण मी पडद्याकडे कधी बघितलंच नाही. लांबूनच ठरवलं की वाईट आहे.

मी यांचा आवाज वाचवला, आणि यांनी नातवाजवळ ठेवलेली ठेव त्याच बटणाने पुसली.

दुसऱ्या दिवशी डबी घेऊन आम्ही गडचिरोलीला गेलो. दुकानातल्या मुलाने शांतपणे समजावलं. जुन्या फिरत्या डिस्कवर साधं फॉरमॅट केलं तर बहुधा फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं आतच राहतात, त्यावर नवीन लिहिलं जाईपर्यंत. म्हणून त्यातलं पुष्कळदा परत मिळतं. एसएसडीचं तसं नाही. कॉम्प्युटर तिला कळवतो की आता एवढी जागा नको आहे, आणि ती आतल्या आत ती जागा साफ करून टाकते. वर मी ३८ जीबी ओतलेले. त्याने प्रयत्न केला, काही हाती आलं नाही. जाता जाता तो म्हणाला, "काकू, तो प्रश्न आला तेव्हा 'नाही' म्हटलं असतं तर बहुतेक सगळं मिळालं असतं. वायर ओढल्यामुळे फक्त वरची नोंद बिघडली होती. ती दुरुस्त करता येते."

सुनेने विचारलं होतं, ते घर किती जागा घेत होतं? नातू म्हणाला, दोन जीबीसुद्धा नाही. जुन्या पेनड्राइव्हमध्ये मावलं असतं.

परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत होता. मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने काढला नाही, पण धरलाही नाही. पुढच्या आठवड्यात तो नागपूरला गेला. पाया पडला, 'येतो आजी' म्हणाला. बस्स.

श्रुतपंचमी मी त्याच मनःस्थितीत केली. ग्रंथ काढले, आणि दरवर्षी सांगते ती कथा या वेळी वेगळीच ऐकू आली. गिरनारच्या चंद्रगुफेत वृद्ध धरसेनाचार्यांना काळजी लागली होती की आपल्यासोबत हे श्रुत जाईल. तोवर सगळं मुखोद्गत, स्मरणात. त्यांनी निरोप पाठवून दोन मुनी बोलावले, पुष्पदंत आणि भूतबली. त्यांना शिकवलं, आणि त्यांनी षट्खंडागम लिहून काढला. तो पूर्ण झाला, त्याची पूजा झाली, ती ज्येष्ठ शुद्ध पंचमी. म्हणजे हा सण मुळात 'एकाच ठिकाणी आहे, ते जाईल' या भीतीतून आला आहे!

पुढची हकीकत तर आणखी. वीरसेनाचार्यांनी त्यावर ७२ हजार श्लोकांएवढी धवला टीका लिहिली, आणि काळाच्या ओघात या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्री प्रती उरल्या फक्त कर्नाटकात मूडबिद्रीला. शेकडो वर्षं लोक त्यांचं दर्शन घेत, वाचणारं कोणी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या खटपटीने नक्कल करण्याचं काम सुरू झालं. मिरजेचे गजपती शास्त्री त्या कामावर होते. प्रत मूडबिद्रीबाहेर जाऊ द्यायची नाही, अशी अट. त्यांनी गुपचूप कानडी लिपीत दुसरी प्रत तयार केली, आणि त्या कामात त्यांची पत्नी लक्ष्मीबाई बरोबरीने होती. ती प्रत सहारनपूरला गेली, तिच्यावरून नागरी प्रत झाली, तिच्याही आणखी प्रती निघाल्या आणि त्या आपल्या विदर्भात कारंजाला, अमरावतीला पोचल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी त्या प्रती ताडून धवला छापायला घेतली. पहिला भाग १९३९ साली निघाला, सोळावा १९५८ साली.

गुपचूप केलेली नक्कल बरोबर की चूक, यावर आपल्यात मतभेद होतील. अचौर्य व्रत घेतलेल्या बाईला ते सहज पचत नाही. पण दिव्याशेजारी बसून पान-पान उतरवणारी लक्ष्मीबाई माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. त्याच्या नऊशे वर्षं आधी कर्नाटकातल्याच अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती करवून वाटल्या होत्या. व्रताच्या उद्यापनाला ग्रंथ लिहवून दान देणाऱ्या श्राविकांची नावं जुन्या पोथ्यांच्या शेवटी सापडतात. सांभाळणं, उतरवून ठेवणं, दुसऱ्या गावी एक प्रत पाठवणं हे आपल्या बायकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. आणि मी? मी एक जतन करताना दुसरं पुसलं, कारण ते मला 'जतन करण्यासारखं' वाटलं नाही. काय ठेवण्यासारखं आहे हे दुसऱ्याच्या वतीने मी ठरवलं.

परिग्रहाचाही विचार केला. माझं परिग्रहपरिमाण आहे. साड्या किती, सोनं किती, भांडी किती, याची मर्यादा वहीत लिहिलेली आहे. पण ३८ जीबी त्यात नाहीत. जागा लागत नाही, वजन नाही, म्हणून तो परिग्रह वाटत नाही. तत्त्वार्थसूत्रात तर मूर्च्छेला, म्हणजे ममत्वालाच परिग्रह म्हटलं आहे, वस्तूच्या आकाराला नाही. त्या दुपारी मला जे झालं होतं ती मूर्च्छाच. 'माझं' वाचवताना शेजारचं 'त्याचं' दिसेनासं झालं. आणि आत तो बारीक आवाज, 'गेले तर बरंच'. हिंसा बंदुकीच्या गेममध्ये होती की नाही हे मी आता छातीठोकपणे सांगत नाही. त्या बटणावरच्या माझ्या बोटात मात्र होती. पिठाचा कोंबडा मीच कापला.

दशलक्षणाच्या दहा दिवसांत रोज ठरवायची, आज फोन करू. झाला तो क्षमावाणीलाच. मी 'जाणता-अजाणता' म्हटलंच नाही. म्हटलं, "बाळा, त्या दिवशी मला माहीत होतं की सगळं पुसलं जाईल. मला वाटलं, गेम गेले तर बरं. ते चुकीचं होतं. मला क्षमा कर." पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "आजी, माझीपण चूक आहे. मी कट-पेस्ट केलं. कॉपी ठेवायला पाहिजे होती." पुन्हा शांतता. "आणि मी तुला त्या दिवसापासून एक पण फोन केला नाही. उत्तम क्षमा."

ठेवण्याआधी त्याने विचारलं, "आजी, स्वयंपाकघर केवढं होतं गं? आजोबांना ते आठवत नव्हतं. म्हणाले होते, तुझ्या आजीला विचार. ती कामात होती म्हणून मी तेव्हा विचारलं नाही."

मी सांगितलं, अकरा बाय चौदा फूट. चूल पूर्वेच्या भिंतीला, पाणी गाळायची जागा खिडकीखाली, घडवंचीवर तीन हंडे. तो म्हणाला, "थांब, लिहून घेतो." ओसरीचं माप त्याला आठवतं. तिजोरीच्या खोलीचं दोघांनाही नीट आठवत नाही. ते गेलं ते गेलं.

आता मैत्रिणींनो, कामाच्या चार गोष्टी. या मी किंमत मोजून शिकले आहे.

डबी काढताना आधी 'सेफली रिमूव्ह' करा, मगच वायर काढा. लॅपटॉप झोपलेला दिसला तरी आत लिहिणं चालू असू शकतं.

'फॉरमॅट करायचं का?' असा प्रश्न आला की 'नाही' म्हणा आणि घरातल्या जाणत्या पोराला बोलवा. नव्या कोऱ्या डबीखेरीज त्या प्रश्नाला 'हो' नाही. डबी फक्त विंडोजवरच वापरायची असेल तर सुरुवातीलाच एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. एक्सफॅटपेक्षा ती अचानक वायर निघाली तरी जास्त तग धरते.

हलवणं म्हणजे जतन नव्हे. जपायच्या गोष्टीच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. कॉम्प्युटरवाले याला तीन-दोन-एक म्हणतात. यांचा आवाज आता माझ्या डबीत आहे, नव्या फिरत्या डिस्कवर आहे आणि नागपूरला सुनेकडे आहे. वैनगंगेला पूर आला काय आणि वीज कोसळली काय, कुठेतरी एक राहील.

एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवू नका. चिपांमधली नोंद विजेच्या भारावर टिकते, आणि बराच काळ वीज मिळाली नाही, त्यात आपल्याकडचा उन्हाळा, तर ती विरत जाऊ शकते. अधूनमधून जोडून, उघडून बघावी. मी दिवस ठरवला आहे. श्रुतपंचमीला ग्रंथांची वेष्टनं बदलली की डबीही जोडायची, फाइली उघडून बघायच्या.

आणि कोणाच्याही डबीतलं पुसण्याआधी त्याला विचारायचं. तो पाच वर्षांचा असला तरी.

नव्या घरासाठी नातवाला मी माझ्याकडून एक पेनड्राइव्ह पाठवला आहे. ३२ जीबीचा, साधाच. त्यावर चिठ्ठी चिकटवली: 'घराची दुसरी प्रत. आजीकडे ठेवायला.' दिवाळीत घेऊन येतो म्हणालाय.

तुमच्याशी बोलताना माझ्याकडून कधी कोणाचं मन दुखावलं असेल, तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.